एक धागा, तीन गाठी

अव्वाला अक्षर येत नाही.
आकडा एकच येतो, हजार,
तोही बोटांना.
हजारावी विडी वळून झाली
की पाठ आपसूक भिंतीला टेकते.

मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं,
शेजारी तंबाखूची ताटली.
चिनी मातीची, निळ्या चित्राची,
एका अंगाला केसाएवढी चीर.
काठावर इंग्रजीत साल आहे.
अव्वा ते असं वाचायची :
एक धागा, तीन गाठी.
मागवाल्याची लेक ती,
तिला इंग्रजी आठ दुसरा कसा दिसणार?
"ज्यानं हे केलं ना,
त्याचा धागा तीनदा तुटला बग."

मधोमध घुमट, बाजूला मनोरे.
आम्ही सगळे धरून चाललो होतो, विजापूर.
सोलापूरचं पोर घुमट दिसला की विजापूरच म्हणतं;
शाळेच्या सहलीत तिथं जाऊन
स्वतःचंच नाव सात वेळा ऐकून आलेलं असतं.
फक्त पुढं नदी होती. नदीत होडी.
काठावर छत्र्या घेतलेली, मुंगीएवढी माणसं.
"विजापुरात नदी कुठली बे?"
थोरल्यानं एकदा विचारलं.
भूमय्या काका म्हणाले,
"चित्रवाल्याचं काय जातंय पाणी सोडायला?
आपल्याकडं चार दिवसाआड सोडतात,
त्यानं कायमचं सोडलं."

काकांच्या मते ताटली बक्षिसाची.
मिलच्या बॉयलरबरोबर एक म्याकरी साहेब आला होता,
आमचा पणजा नागय्या त्याच्या हाताखाली कोळसा ओढायचा.
साहेब परत जाताना देऊन गेला.
अव्वाच्या मते देऊन वगैरे काही गेला नाही.
"पगार उशिरा व्हता,
ताटली समोर व्हती."

इलाही सौदागर जुनं पितळ बघायला
विडी घरकुलात आला, आमच्या दारात थांबला.
समईकडं त्यानं बघितलंही नाही.
तंबाखू वर्तमानपत्रावर ओतली,
अंगठा ओला करून काठ पुसला,
ताटली उलटी केली, सुलटी केली.
"ग्लासगो," म्हणाला.
"अठराशे अठ्ठ्याऐंशी. देशोदेशीचं प्रदर्शन.
यंत्रं, कापड, काय काय मांडलं होतं.
ही तिथली आठवण, लोक घरी न्यायचे.
घुमट बहुतेक लाकडाचा, मावशी.
प्रदर्शन संपलं, पाडून टाकला."

"पाडला?"
अव्वा एवढंच म्हणाली.
मिलची चिमणी पाडली
तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती,
आणि पदरानं डोळ्यातली धूळ काढली होती.
धूळ खरंच होती, मी तिथं होते.

बावीसशे, तो म्हणाला.
अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी भाषांतर केलं :
अकरा हजार विड्या.
बराच वेळ तिची बोटं
रिकाम्या हवेत पान वळत राहिली.
"तंबाखू कशात ठिवू?"
इलाहीनं पोत्यातून स्टीलचं एक ताट काढलं,
वरून दिलं, फुकट.

आता ते आहे सुपाशेजारी.
हात लागला की वाजतं.
अव्वाचा अंगठा चीर शोधत कडेनं फिरतो,
पुन्हा फिरतो,
पुढची विडी चुकते, छाटात जाते.
काल तिला काठावर टिंबाटिंबाचं काहीतरी लागलं.
"हितंबी लिवलंय. वाच."
मी दिव्याखाली धरून वाचलं :
चि. सौ. कां. शकुंतला हिस,
बिर्रू मास्तरांकडून, लग्नात सप्रेम.
पुढं तारीख होती, तंबाखूनं भरलेली.

अव्वानं ताट परत घेतलं,
तंबाखू एका बाजूला सारली,
त्या टिंबांवरून बोट फिरवलं, सावकाश,
जणू तिला वाचता येतंय.
"शकुंतला," म्हणाली.
"चांगलं जड ताट हाय गं.
काय झालं आसंल तिला,
इकायला?"